रो-हाऊस, बैठं घर आणि अंगण: डागडुजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (ठाणे–नवी मुंबई)

सिडकोची रो-हाऊसेस, गावठाणातली कौलारू घरं, घोडबंदर आणि येऊरच्या पायथ्याचे बंगले, तळमजल्याला थोडीफार बाग असलेले फ्लॅट, अशा घरांत राहणाऱ्यांचे हे प्रश्न. आपल्याकडे दुरुस्तीचं निम्म्याहून जास्त काम पाण्याशी निगडित असतं. पाणी कुठून येतंय हे न शोधता डबा उघडून रंग-केमिकल फासणं ही सगळ्यात महागडी सवय. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांत आधी शोध आणि मग उपाय असा क्रम आहे.

पावसाळ्याआधीची कामं कधी काढायची?

मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानतात, पण वळवाच्या सरी मेच्या शेवटीच येऊन जातात. उलटं मोजा. कोटिंगचे थर, त्यांचं वाळणं, पाणी साठवून चाचणी आणि सिमेंटच्या कामाला किमान ७ दिवस पाणी मारणं, हे सगळं धरलं तर गच्चीचं काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू झालेलं बरं. आणखी एक व्यवहारातली गोष्ट: मेमध्ये गवंडी आणि बिगारी गावाला जातात. जे उरतात ते दर वाढवतात आणि एका वेळी चार घरं धरतात.

बाहेरचा रंग मात्र पावसाळ्याआधी घाईने काढू नका. भिंतीतली ओल पूर्ण सुकलेली असते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

गच्ची गळते. नेमकी कुठून, ते कसं कळणार?

छतावर डाग दिसतो त्याच्या बरोबर वर भोक असेल असं धरून चालू नका. पाणी स्लॅबच्या आत उतार धरून, सळईच्या कडेने किंवा वायरिंगच्या पाइपातून सरकतं आणि वाट मिळेल तिथे उतरतं. पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या पॉइंटमधून थेंब पडत असतील तर ते बहुधा कंड्युइटमधून (म्हणजे याच वायरिंगच्या पाइपातून) आलेलं पाणी असतं. त्या सर्किटचा एमसीबी (पॅनलमधला छोटा स्विच) आधी बंद करा, बाकी नंतर.

सगळ्यात आधी एक खात्री करा: गळती पावसाचीच आहे का? मार्च-एप्रिलमध्येही डाग ओला असेल तर संशय नळाच्या लाइनवर घ्या. रात्री सगळे नळ बंद करा, वरच्या टाकीची पातळी पेन्सिलने खूण करून ठेवा, सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर गच्चीवर पैसे घालू नका.

पाऊसच कारण असेल तर या क्रमाने बघा. पहिलं, पावसाच्या पाइपाचं तोंड. पाइप आणि काँक्रीट यांच्यामधली फट हा गळतीचा सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार. दुसरं, कठडा आणि गच्ची मिळते तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई. तो पोकळ वाजतो का ते हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. तिसरं, डिशचे बोल्ट, सोलरच्या पायांखालची भोकं, टाकीचे ओटे. गच्चीच्या मधल्या भागाची पाळी शेवटी.

तरी सापडलं नाही तर पाणी साठवून बघा. पाइपाचं तोंड कापड आणि पीओपीने घट्ट बंद करा, विटा आणि ओल्या मातीचे बांध घालून गच्चीचे दोन-तीन भाग करा आणि एकेका भागात २ इंच पाणी ४८ ते ७२ तास ठेवा. ज्या भागात पाणी असताना खाली ओल वाढते तो भाग दोषी. २ इंचांपेक्षा जास्त भरू नका. तेवढ्या पाण्याचंच वजन दर चौरस मीटरला ५० किलो होतं, आणि स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील तर ही चाचणी करूच नका.

वॉटरप्रूफ कोटिंग घरच्या घरी करता येतं का?

छोट्या गच्चीला, बाल्कनीला, सज्जाला येतं. कोटिंग सुटून येण्याची कारणं ठरलेली: खाली शेवाळ किंवा धूळ राहिली, नाहीतर स्लॅब ओला होता. २ फूट बाय २ फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून २४ तास ठेवा. आतून घाम धरला तर अजून वाट बघा.

तारेच्या ब्रशने घासून, जोरात पाणी मारून गच्ची सुकू द्या. सिमेंटच्या जातीचं कोटिंग असेल तर लावताना पृष्ठभाग फक्त किंचित ओलसर लागतो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, कारण ॲक्रिलिक आणि सिमेंटच्या जातीचे नियम वेगळे आहेत. केसाएवढ्या भेगा कोटिंगमध्येच बुजतात. त्यापेक्षा मोठी भेग छिन्नीने १० मिमी रुंद आणि १० मिमी खोल इंग्रजी व्हीच्या आकारात उघडा आणि पॉलिमर मॉर्टरने भरा: १ किलो लेटेक्स, ५ किलो सिमेंट, १५ किलो चाळलेली वाळू, आणि पाणी लागेल तेवढंच, जपून. वाटा पडला असेल तर तोही याच मिश्रणाने नव्याने करा. मग पहिला हात, तो ओला असताना फायबरची जाळी, आणि ४-६ तासांनी दुसरा हात आडव्या दिशेने. कठड्यावर कोटिंग किमान १ फूट चढवा. अर्धी कामं इथेच फसतात, कारण कोटिंग बरोबर कोपऱ्यात थांबवलेलं असतं.

गच्चीवर चायना चिप्स (टाइल्सचे तुकडे) आणि खाली जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असेल तर वरून कोटिंग हा तात्पुरता उपाय आहे. कोब्याने पोटात धरलेलं पाणी खाली उतरत राहतं. दोन पावसाळे काढायचे असतील तर लावा. कायमचं करायचं असेल तर कोबा फोडण्यावाचून गत्यंतर नाही.

कौलारू घर दरवर्षी शाकारावं लागतं का?

पूर्ण शाकारणी दोन-तीन वर्षांनी केली तरी चालतं, पण दर मेमध्ये एकदा वर नजर फिरवायलाच हवी, विशेषतः माकडं येतात त्या भागात. कौलावर थेट पाय देऊ नका. वाशांच्या रेषेवर आडवी फळी टाका आणि फळीवरून फिरा. फुटकं कौल काढायचं तर वरच्या ओळीची कौलं थोडी उचलून ते खाली सरकवून घ्या. आढ्यावरच्या कोन्यांचं (माथ्यावरच्या कौलांचं) सिमेंट तडकलेलं असतं, ते खरवडून पुन्हा भरा. घरातून दिवसा वर पाहिल्यावर जिथे उजेडाची तिरीप दिसते तिथे खडूने खूण करून ठेवली की वर चढल्यावर शोधाशोध होत नाही. रिपेला (कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीला) वाळवी लागली असेल तर तेवढीच रिप बदला, पण नवी रिप जुन्याच जाडीची हवी. नाहीतर ती ओळ वर उचलली जाते आणि वारा आत घुसतो.

पत्र्याच्या शेडमध्ये स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात नाही. रबरी वॉशर कडक झाले की गळती सुरू होते. वॉशर बदलणं स्वस्त पडतं, डांबराची पट्टी लावत बसू नका.

तळमजल्याच्या भिंतीला जमिनीपासून दोन-तीन फूट ओल. रंग टिकतच नाही.

ही ओल जमिनीतून वर चढते आणि सोबत क्षार आणते. पांढरी भुकटी दिसते ती तीच. बहुतेक रो-हाऊसमध्ये कारण बाहेर सापडतं: दर दुरुस्तीत अंगणात पेव्हर आणि माती वाढत गेली आणि बाहेरची पातळी जोत्याच्या बरोबरीला आली. बाहेरची पातळी घरातल्या फरशीपेक्षा किमान ६ इंच खाली आणा, भिंतीलगतच्या कुंड्या आणि वाफे दोन फूट दूर सरकवा आणि भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार द्या. मग आतला क्षार धरलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत विटांपर्यंत काढा, दोन-तीन महिने भिंत उघडी सुकू द्या आणि नंतर नवा गिलावा करा. दिसायला वाईट, पण घाईने गिलावा केलात तर तोही पडतो.

आतून टाइल्स किंवा वॉटरप्रूफ रंग लावण्याचा सल्ला हमखास मिळेल. त्याने ओल थांबत नाही, टाइल्सच्या वर सरकते.

स्लॅबचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसू लागली. मी सिमेंट लावून टाकू?

नुसतं सिमेंट लावलंत तर एक-दोन पावसाळ्यांत तेही खाली येईल. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट ढकलते. खाडीची खारी हवा ही क्रिया वेगाने घडवते. सज्जा किंवा छताचा हातभर तुकडा असेल तर सगळं पोकळ काँक्रीट काढा, सळईच्या मागे बोट जाईल इतकी जागा करा, तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, झिंक प्रायमर लावा, मग बाँडिंगचा हात आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, एका वेळी १० ते १५ मिमीच्या थरात.

खांब किंवा तुळई असेल, किंवा सळई निम्मी खाल्ली गेली असेल, तर हात लावू नका. तिथे स्ट्रक्चरल इंजिनियर. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे, आणि नवी मुंबईतल्या सुरुवातीच्या नोडमधली (सिडकोने वसवलेल्या उपनगरांतली) बरीच घरं त्या वयाची झाली आहेत.

पाऊस सुरू झाला की आरसीसीबी (पॅनलमधला सुरक्षा स्विच) पडतो. बदलून टाकू का?

आधी नाही. तो आपलं काम करतोय: ३० मिलिॲम्पिअरची वीजगळती दिसली की वीज तोडायची. दोष बहुतेक वेळा गेटचा दिवा, बेलचं बटण, बाहेरचा पंपाचा सॉकेट किंवा गच्चीवरच्या जोडात असतो.

सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याला पडेल ते सर्किट दोषी. त्या सर्किटमधली प्लगची उपकरणं काढून पुन्हा बघा. पण एक मेख आहे. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी थांबत नसेल, तर तो बिघडलाय असं लगेच ठरवू नका. घरातले एमसीबी साधारणपणे फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल कुठे तरी ओल्या पेटीत अर्थिंगला टेकला असेल तर एमसीबी बंद करून काहीच कळत नाही. तेव्हा पॅनलमधले न्यूट्रल एकेक सोडून बघावे लागतात, आणि ते काम परवानाधारक वायरमनचं. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी बाजू जिवंत असते. नवा इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी पडू लागला असेल तर दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र झालेत का, हे त्याला आवर्जून बघायला सांगा.

बाहेरच्या दिव्यांना आयपी ६५ दर्जाच्या (धूळ आणि पाण्याचा फवारा रोखणाऱ्या) पेट्या घ्या आणि वायर पेटीत खालून शिरवा. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण तीन महिन्यांतून एकदा दाबायचं. दाबूनही पडत नसेल तर मात्र तो लगेच बदला.

वरची टाकी कशी धुवायची?

वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा संपल्यावर. गाळ काढून, प्लास्टिकच्या ब्रशने घासून टाकी भरा. १००० लिटरला १५० ते १७५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, चोथा खाली बसू द्या आणि वरचं निवळलेलं पाणीच टाकीत ओता. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग ४ तास ठेवून सगळं गटारात रिकामं करा, बागेत नको. त्याआधी वॉटर प्युरिफायरची लाइन बंद करायला विसरू नका. एवढ्या क्लोरीनने आरओचा मेंब्रेन जातो. टाकीत उतरावं लागत असेल तर बाहेर माणूस उभा हवाच.

फ्लश सतत वाहतो, नळ ठिबकतो.

फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका आणि १५ मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचं रबर गेलंय, नाही उतरला तर बॉलकॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा) बघा. नळाला अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा कॉक) बंद करून स्पिंडल (नळाच्या आतला फिरणारा भाग) बदला, जुना स्पिंडल दुकानात सोबत न्या. टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, उलट गुंडाळली तर फिरवताना सुटून येते.

जुलैत दार फुगलं, लागत नाही. रंधा मारू?

थांबा. आता तासलेलं दार डिसेंबरात फट दाखवतं. तात्पुरतं घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळा, बिजागरीचे स्क्रू आवळा. हिवाळ्यात दार उतरवून वरच्या आणि खालच्या कडेला प्रायमर लावा. या दोन कडा सुतार हमखास कोऱ्या सोडतात आणि लाकूड तिथूनच पाणी पितं.

वाळवीसाठी स्वतः औषध मारता येईल का?

थोड्या जागेपुरतं येतं. स्कर्टिंगलगत जमिनीत १२ मिमीची तिरकी भोकं दर ३० सेंमीवर पाडा आणि प्रत्येकात सुमारे १ लिटर द्रावण हळूहळू जिरवा, मग भोकं सिमेंटने बुजवा. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी असेल तर लिटरला साधारण २ मिली, पण शेवटचा शब्द लेबलचा. न्हाणीघर-स्वयंपाकघरात फरशीखालून पाइप कुठून गेलेत हे माहीत नसेल तर ड्रिल चालवू नका. अंगणात विहीर किंवा बोअर असेल तर हे काम पेस्ट कंट्रोलवाल्याकडेच द्या. भिंतीवरची मातीची वाट नुसती झाडून काढल्याने काहीच साधत नाही, वारूळ जमिनीत शाबूत असतं.

अंगणात पाणी तुंबतं. शोषखड्डा घेतला की सुटेल?

तुम्ही कुठे राहता यावर आहे. खाडीलगतच्या नोडमध्ये खाली भराव आणि त्याखाली चिकट खारी माती. जुलैत भूजल इतकं वर असतं की खड्डा खालूनच भरतो. मेमध्ये खड्डा खणून पाणी जिरलं म्हणून खूश होऊ नका. जुलैत फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डा खणून बघा. आपोआप पाणी येत असेल तर शोषखड्ड्याचा विषय संपला. येऊरच्या पायथ्याला, घोडबंदरच्या उताराकडे तो चालू शकतो: १ मीटर लांब-रुंद, दीड मीटर खोल, तळाला मोठे दगड, वर लहान होत जाणारी खडी, आणि घराच्या पायापासून किमान १० फूट लांब.

नवी मुंबईच्या सखल भागात भरतीचा हिशेब आलाच. सिडकोच्या धारण तलावांची (पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांची) झडपं भरतीला बंद होतात आणि ओहोटीला पाणी बाहेर सोडतात. जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच वेळी आली की गटारात जागाच उरत नाही आणि पाणी तुमच्या चेंबरमधून उलटं वर येतं. अशा घरात अंगणाच्या शेवटच्या चेंबरला ११० मिमीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा, जूनआधी तो उघडून झडपेत अडकलेला कचरा काढा, पंपाचं पॅनल जमिनीपासून ३ फूट वर घ्या. अंगणाला १०० ला १ असा उतार गटाराकडे द्या, म्हणजे ५ मीटरला ५ सेंमी. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासा. डोळ्यांवर विसंबू नका.

टेकडीच्या बाजूला उलटा धोका: मागच्या संरक्षक भिंतीवर मातीतल्या पाण्याचा दाब. भिंतीतली पाणी सोडणारी भोकं दर मेमध्ये सळईने मोकळी करा. ती ३ इंचांची आणि दीड-दोन मीटरवर असावीत, मागे खडी. भिंतीला पोट सुटलं असेल तर तिच्याजवळची खोली पावसाळ्यात वापरू नका आणि इंजिनियरला बोलवा.

माझ्याच अंगणातलं झाड, फांद्या छाटायला परवानगी कशाला?

कारण महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी जागेलाही लागू आहे. अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. अर्ज मार्चमध्येच करा, मेअखेरीला गर्दी असते.

परवानगी मिळाल्यावर जाड फांदी तीन कापांत काढा. पहिला खालून, खोडापासून फूटभर लांब, एक तृतीयांश खोल. दुसरा वरून, थोडा पुढे, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. तिसऱ्याने उरलेला ठोंब फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. कडं कापू नका, जखमेवर डांबरही फासू नका. विजेच्या तारांजवळची फांदी असेल तर आधी वीज कंपनीला कळवा.

कठड्यात पिंपळ उगवलाय, कापला तरी पुन्हा येतो.

वीतभर असताना पावसात भिंत ओली असते तेव्हा मुळासकट ओढून निघतो. मोठा झाला की मूळ सांध्यात जाडजूड होतं. मीठ किंवा ॲसिड ओतण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण त्याने आधी सळई जाते. छिन्नीने मुळाचा माग काढत गिलावा उघडा, शक्य तेवढं मूळ खणून काढा, पोकळी पॉलिमर मॉर्टरने भरा. उरलेल्या मुळातून कोंब आला की लगेच खुडा, पान मोठं होऊ दिलंत की मुळाला पुन्हा जोर येतो.

पेव्हरवर शेवाळ, घसरायला होतं.

१० लिटर पाण्यात १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, १५ मिनिटं ठेवून कडक ब्रशने घासा, भरपूर पाणी मारा. झाडांच्या बुंध्याशी ओघळ जाऊ देऊ नका. त्याच वेळी टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, मोकळ्या अंगणातसुद्धा घातक. शेवाळ धरलेल्या जागी उन्हाची वाट अडवणारी फांदी कोणती, तेही बघा.

भरावाच्या मुरमात काही उगवत नाही.

मुरूम सुधारत बसण्यापेक्षा त्याच्यावर विटांचे १५ इंच उंच वाफे बांधा. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. खालच्या ओळीत पाणी जायला फटी ठेवा आणि वाफा घराच्या भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात अळू, भेंडी, दोडका, काकडी. पालक, मेथी, टोमॅटो ऑक्टोबरनंतर.

अंगणात साप निघतात, येऊरकडे बिबट्याची भीती. काय करायचं?

विटांचा ढीग, जुनं प्लायवूड, भंगार भिंतीपासून हलवा. उंदीर तिथे राहतो म्हणून साप येतो. गेटखालची फट आणि पावसाळी पाइपांची तोंडं बारीक जाळीने बंद करा. धामण बिनविषारी, पण नाग, घोणस, मण्यारही याच भागात आहेत आणि ओळखण्याच्या नादात लोक जवळ जातात. दहा-बारा फूट लांब राहून नजर ठेवा, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दंश झाला तर आवळून बांधणं, चिरा देणं नको. हात-पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय.

बिबट्या येतो कुत्र्यांमागे आणि कुत्री कचऱ्यामागे. ओला कचरा रात्री गेटबाहेर ठेवू नका, कोंबड्या असतील तर खुराड्याला वरूनही जाळी हवी, आणि गेटपासून दारापर्यंतच्या वाटेवर गुडघ्याएवढी झुडपं वाढू देऊ नका.